घरून गाडी फुकट नेतात, पण टायटलवर सह्या झाल्यात का?

प्रश्न न्यू जर्सीतल्या एडिसनहून आलाय. थोडक्यात असा: "आमची २००९ची टोयोटा कॅमरी सात-आठ महिने घरासमोरच्या ड्राइव्हवेत उभी आहे. १,७८,००० मैल झालेत, बॅटरी मेलीय, एक टायर बसलाय. नवरा कायमचा पुण्याला परत गेलाय, मी आणि मुलगी चार आठवड्यांनी निघतोय. गाडी एखाद्या संस्थेला देऊन टाकायची आहे. घरी येऊन फुकट नेतात म्हणे. खरंच फुकट असतं का? कोणाला फोन करायचा? टॅक्समध्ये काही सुटतं का? टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, आम्हा दोघांची नावं आहेत."

ताई, तुमचं शेवटचं वाक्य मी पहिलं घेतो. ट्रक दोन-चार दिवसांत येतो, पण पुण्याहून सही यायला दोन-तीन आठवडे सहज जातात. मध्य न्यू जर्सीतल्या एका संस्थेच्या गाडीदान खात्यात मी अकरा वर्षं काढली, त्यातली पहिली चार टो, म्हणजे गाडी उचलून नेणारा ट्रक, पाठवायच्या फोनवर. ट्रक रिकामा परत गेला की पहिला फोन मलाच यायचा. गाडी फारच मोडकी म्हणून परत गेलेला ट्रक मला फारसा आठवत नाही. गाडी असायची, किल्ली असायची, यजमान चहा घेऊन दारात उभे असायचे. नसायचा तो कागद, किंवा कागदावर दोनऐवजी एकच सही असायची.

म्हणून आज रात्रीच टायटल शोधून काढा. टायटल म्हणजे गाडीचा सातबारा समजा. विम्याचं कार्ड किंवा रजिस्ट्रेशन वेगळं, त्याच्यावर मालकी बदलत नाही. टायटल सापडलं की पुढच्या बाजूला तुमच्या दोघांच्या नावांमध्ये काय छापलंय ते बघा. 'अँड' असेल, किंवा मध्ये काहीच नसेल, तर दोघांच्याही सह्या लागणार असं धरून चाला. 'ऑर' असेल तर बऱ्याच राज्यांत एकाच्या सहीवर भागतं, पण तेही मोटर व्हेइकल कमिशनकडून म्हणजे एमव्हीसीकडून आणि संस्थेकडून आधी पक्कं करून घ्या. गाडी घेताना डीलरच्या टेबलावर कोणी या एका शब्दाकडे बघत नाही. तो आठवतो तेव्हा एक मालक बाणेरला असतो आणि दुसरा ड्राइव्हवेत.

दोघांच्या सह्या लागत असतील तर सरळ मार्ग हा: टायटलच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, मग मूळ कागद ट्रॅकिंग असलेल्या कुरियरनं पुण्याला पाठवा. यजमानांनी विकणाऱ्याच्या रकान्यात सही करायची, पुढच्या बाजूला नाव जसं छापलंय अगदी तसंच. मधलं नाव छापलं असेल तर सहीतही ते हवं. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये येतं, टायटलवर कधी ते पूर्ण असतं, कधी नुसतं आद्याक्षर, आणि सही करणारा सवयीनं भलतंच लिहून मोकळा होतो. न्यू जर्सीत विकणाऱ्याच्या सहीला नोटरी लागत नाही, हे तुमचं नशीब. पेनसिल्व्हेनिया, ओहायो, नॉर्थ कॅरोलायना, ॲरिझोना अशा राज्यांचं टायटल असेल तर सही नोटरीसमोर करावी लागते. मग माणसाला मुंबईत बीकेसीच्या अमेरिकन वकिलातीत नोटरी सेवेची वेळ घ्यावी लागते, नाहीतर मुखत्यारपत्राची वाट धरावी लागते. तुमच्या बाबतीतही मुखत्यारपत्र चालू शकतं, पण संस्थेला त्याची मूळ प्रत लागेल आणि तिचा मसुदा त्यांना आधी मान्य असायला हवा. म्हणजे कुरियर तर करायचंच आहे. मग टायटलच पाठवलेलं सोपं.

"घरातलीच सही आहे, मीच मारते त्यांची" हा विचार मनात येईल. तो सोडा. ती खोटी सही ठरते. पुढे लिलावात गाडीचं टायटल अडकलं की संस्थेचा फोन तुम्हालाच येणार, आणि तोवर तुम्ही पुण्यात असणार.

आणखी एक कळकळीची सूचना. टायटलवर खाडाखोड नको. व्हाइटनर तर मुळीच नको. एक अक्षर चुकलं म्हणून खोडून वर लिहिलं की तो कागद बाद होतो आणि डुप्लिकेट टायटलसाठी अर्ज करावा लागतो. एका गृहस्थांनी तारीख आपल्या पद्धतीनं, दिवस आधी आणि महिना नंतर अशी लिहिली, मग लक्षात आल्यावर गिरवून गिरवून दुरुस्त केली. पंधराची तारीख, त्यामुळे पंधरावा महिना झाला होता. ट्रकवाल्यानं कागद उन्हात धरून पाहिला, मान हलवली आणि निघून गेला. पुण्यात गाडी विकताना आरटीओचे फॉर्म २९ आणि ३० भरतो, चुकला तर दुसरा कोरा फॉर्म घेता येतो. इथे सगळा व्यवहार त्या एकाच कागदाच्या पाठीवर होतो. आधी एका झेरॉक्सवर भरून बघा, ती झेरॉक्स संस्थेला ईमेलनं पाठवून "असंच भरू ना?" म्हणून विचारा, मगच मूळ कागदाला पेन लावा.

घेणाऱ्याच्या रकान्यात कोणाचं नाव लिहायचं, हेही संस्थेकडून लेखी घ्या. काही ठिकाणी संस्थेचं, काही ठिकाणी तिच्या वतीनं गाड्या विकणाऱ्या मध्यस्थाचं नाव येतं. "फक्त सही करा, बाकी कोरं ठेवा" असं फोनवर सांगणारे भेटतात. सही केलेलं कोरं टायटल म्हणजे सही केलेला कोरा चेक. तो ज्याच्या हातात पडेल त्याची गाडी, आणि सरकारदरबारी मात्र ती तुमच्याच नावावर.

गाडीवर कर्ज होतं का? २००९ची गाडी म्हणजे कधीच फिटलं असेल, पण बँकेचं नाव टायटलवर अजून असू शकतं. तसं असेल तर बँकेचं कर्ज फिटल्याचं पत्र लागेल. काही बँका टायटल कागदावर ठेवतच नाहीत, ते संगणकात असतं, आणि कागदी प्रत मागवायला वेळ जातो. चार आठवड्यांत हे सगळं बसतं, पण आज सुरू केलं तरच.

आता फुकटाबद्दल. तुमच्या खिशातून एक सेंटही जात नाही, हे खरं. पण टोवाला धर्मासाठी ट्रक चालवत नाही. संस्थेचा स्वतःचा ट्रक नसतो, बहुतेक संस्थांचं गाडीदान खातंसुद्धा स्वतःचं नसतं. सॅन डिएगोची चॅरिटेबल ॲडल्ट राइड्स अँड सर्व्हिसेस ही ना-नफा संस्था बऱ्याच सार्वजनिक रेडिओ केंद्रांच्या आणि इतर संस्थांच्या वतीनं हे काम करते. फोन ते घेतात, स्थानिक टो कंपनीला काम देतात, गाडी लिलावाला लावतात, कागदपत्रं पाठवतात. टोचे पैसे, लिलावाचं कमिशन, मध्यस्थाचा वाटा हे सगळं गाडीच्या विक्रीतून वजा होतं आणि उरलेलं संस्थेला जातं. समजा गाडी ९०० डॉलरला गेली आणि खर्च ३५० झाला, तर संस्थेच्या हाती ५५० पडले. म्हणजे टोचे पैसे तुमच्या दानातूनच गेले. यात लबाडी काही नाही, फक्त ते माहीत असावं. आणि मजा अशी की टॅक्ससाठी धरायचा आकडा ५५० नसून ९०० असतो. कायदा एकूण विक्रीची रक्कम धरतो, खर्च वजा करून उरलेली नाही.

आपल्यात म्हणतात, धर्माच्या गाई आणि दात कां गे नाही. टोवाला दात बघत नाही, पण चाकं मोजतो. इंजिन काढलेली गाडी, चाकंच नसलेली गाडी, किंवा आगीत जळलेली गाडी बहुधा नाकारतात, कारण भंगारातून टोचासुद्धा खर्च निघत नाही. मेलेली बॅटरी, बसलेला टायर, फाटक्या सीटा, हे रोजचंच आहे. फोन करताना हे सगळं आधीच सांगा. खालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर शुद्ध करणारा भाग, चोरीला गेला असेल तर तेही सांगा. लपवण्यात फायदा काहीच नाही, आणि ट्रकवाल्यानं आल्यावर "हे सांगितलं नव्हतं" म्हणून फोन फिरवला की एक दिवस वाया.

कोणाला फोन करायचा? यावर मी थोडक्यात बोलतो, कारण निवड तुमच्या मनाची आहे. आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याच्या, साइटवर करमुक्त संस्थांचा शोध घ्यायची सोय आहे. तिथे संस्थेचं कायदेशीर नाव किंवा ईआयएन, म्हणजे तिचा करक्रमांक, टाका. ५०१(सी)(३), म्हणजे जिला दिलेलं दान करात धरता येतं अशी संस्था, म्हणून नोंद दिसली तरच पुढे जा. रस्त्याकडेच्या खांबावर "गाडी द्या, मुलांना मदत करा" अशी पाटी आणि खाली नुसता मोबाइल नंबर असेल तर तिकडे वळू नका. रेडिओ केंद्रं, हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी, गुडविलच्या काही शाखा असे पर्याय आहेत. मेरीलँडची व्हेइकल्स फॉर चेंज सारखी एखादी संस्था गाडी दुरुस्त करून गरजू कुटुंबाला देते, आणि मला हा प्रकार सगळ्यात जास्त आवडतो. पण १,७८,००० मैलांची बंद गाडी तशा कामाला बहुधा लागत नाही, ती लिलावालाच जाते. पुष्कळ जण विचारतात, "आपल्या मराठी मंडळाला किंवा मंदिराला देता येईल का?" मंडळ ५०१(सी)(३) असेल आणि अशा मध्यस्थाशी त्यांचा करार असेल तर नक्की देता येईल. करार नसेल तर मंडळाच्या खजिनदाराच्या दारात गाडी नेऊन उभी करू नका. तो बिचारा आयटीत नोकरी करून शनिवारी हिशेब लिहितो. त्यानं गाडी कुठे विकायची?

आणि आता माझ्या जुन्या खात्याला आवडणार नाही असं एक बोलतो. ही कॅमरी आहे. बॅटरी बदलून गाडी चालू झाली आणि इंजिन धड असलं, तर कॅमरीला गिऱ्हाईक मिळतंच. ती स्वतः विकून आलेले पैसे चेकनं संस्थेला दिले तर संस्थेला टो, लिलाव, मध्यस्थ यांतलं काहीच कापलं न जाता पूर्ण रक्कम मिळते. करातही फरक पडतो. २०२६ पासून नवा नियम असा की जे स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे खर्चाचा हिशेब न देता मिळणारी ठरावीक वजावट, घेतात त्यांनाही दानाची वेगळी वजावट मिळते, एकट्याला १,००० आणि जोडप्याला २,००० डॉलरपर्यंत. पण ती फक्त रोख दानाला, म्हणजे चेक, कार्ड वगैरेला. गाडी दिली तर त्यात धरत नाहीत. तुमच्याकडे चार आठवडे आहेत, सामान बांधायचंय, मुलीच्या शाळेचे कागद काढायचेत, अनोळखी माणसं गाडी बघायला घरी येणार, या सगळ्यात विक्री झेपत नसेल तर सरळ टो बोलवा. मी दोष देणार नाही. पण निदान एकदा एखाद्या ओळखीच्या मेकॅनिककडून जंपर, म्हणजे दुसऱ्या बॅटरीतून वीज देणाऱ्या तारा, लावून बघा. चालू गाडी लिलावातही बंद गाडीपेक्षा जास्त भावानं जाते.

फोन कराल तेव्हा हाताशी ठेवायचं ते असं: व्हिन नंबर म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, तो समोरच्या काचेच्या कोपऱ्यात खालच्या बाजूला दिसतो आणि ड्रायव्हरच्या दाराच्या कडेच्या स्टिकरवरही असतो, टायटलवरच्या नंबराशी ताडून बघा, मैल, किल्ली किती आहेत, गाडी चालू होते का, चाकं फिरतात का, आणि गाडी नेमकी कशी उभी आहे. हे शेवटचं लोक सांगत नाहीत. गाडी नाक आत करून ड्राइव्हवेत आहे की उलटी? तिच्यामागे दुसरी गाडी असते का? अपार्टमेंटच्या तळघरात आहे का? तळघराच्या पार्किंगचं छत बुटकं असलं की फ्लॅटबेड, म्हणजे सपाट फळीचा मोठा ट्रक, आत जात नाही, छोटा टो ट्रक पाठवावा लागतो, आणि तो वेगळा मागवावा लागतो. एडिसनसारख्या ठिकाणी तुमचा ड्राइव्हवे बहुधा मोकळाच असेल. पण टाउनहाउस असेल तर असोसिएशनला एक ईमेल टाकून ठेवा, नाहीतर ट्रक आला की शेजारचे काका व्हिडिओ काढत बाहेर येतात.

आता टोच्या दिवसाबद्दल जरा निवांत सांगतो. आदल्या दिवशी गाडी रिकामी करा. ग्लव्ह बॉक्स, सीटखाली, डिकीत स्पेअर टायरच्या खाली, सगळीकडे. टोल भरणारा ई-झेडपासचा ट्रान्सपॉन्डर काचेवरून काढा. गॅरेजचं रिमोट काढा, नाहीतर तुमच्या घराचं दार उघडणारं बटण लिलावात जाईल. गाडीच्या ब्लूटूथमध्ये फोनचे नंबर असतील तर पुसा, बॅटरी मेली असेल तर त्यासाठीही जंपर लागेल. मुलीची कार सीट काढा. आणि डॅशबोर्डवरचा गणपती काढा. हसू नका. आमच्या डेस्कवर दुसऱ्या दिवशी सकाळी येणारा ठरलेला मराठी फोन हाच असायचा: "अहो, आमचा गणपती राहिला गाडीत." तोवर गाडी चाळीस मैलांवरच्या यार्डात, शेकडो गाड्यांच्या रांगेत. आम्ही दोनदा यार्डातल्या माणसाला फोन करून मूर्ती काढून घेतली, एकदा नाही सापडली. दुहेरी टेपनं चिकटवलेली मूर्ती केस वाळवायच्या ड्रायरची गरम हवा दिली की सुटते.

ट्रकचं माणूस आधी फोन करतं. बहुधा दोन-तीन तासांची वेळ देतं आणि त्या वेळेच्या शेवटच्या दहा मिनिटांत येतं. तो संस्थेचा माणूस नसतो. त्याला तुमच्या दानाचं, करवजावटीचं काही विचारू नका, त्याला माहीतही नसतं. तो तीन गोष्टी बघतो: व्हिन जुळतो का, किल्ली आहे का, टायटलवर सही आहे का. मग ट्रकची फळी मागे झुकवून जमिनीला टेकवतो, विंचची साखळी गाडीच्या पुढच्या हुकाला लावतो आणि गाडी वर ओढतो. गाडी ओढायची तर गिअर न्यूट्रलमध्ये हवा. बॅटरी मेलेल्या कॅमरीत गिअरचा दांडा पार्कमध्ये अडकून बसतो. त्याच्या शेजारी एक छोटं झाकण असतं, ते स्क्रूड्रायव्हरनं उचकटलं की आतला शिफ्ट लॉक दाबता येतो. टोवाल्याला हे ठाऊक असतं, पण तुम्हालाही माहीत असलं की घाबरायला होत नाही. बसलेल्या टायरमध्ये सकाळी हवा भरून ठेवा. फुकटात गाडी नेणाऱ्याला चाकांवर सहज सरकणारी गाडी मिळाली की तो पाच मिनिटांत काम आटपून जातो.

तो निघायच्या आत पावती घ्या. पावतीवर तारीख, व्हिन, टो कंपनीचं नाव आणि ज्या संस्थेसाठी गाडी नेतोय तिचं नाव हवं. तुम्ही स्वतः चार फोटो काढा: मैल दाखवणारा मीटर, जंपर लावलेला असतानाच काढा, नंबर प्लेट काढलेली मागची बाजू, व्हिन, आणि ट्रकवर चढलेली गाडी. २०१० किंवा त्याआधीच्या मॉडेलला ओडोमीटरची, म्हणजे किती मैल झाले याची, लेखी घोषणा करण्यातून संघराज्याच्या नियमानं सूट आहे, २०११ पासूनच्या गाड्यांना ती वीस वर्षं करावी लागते. तुमची २००९ची, तरी टायटलवर मैलांचा रकाना असेल तर संस्थेला विचारून भरा. काही लोक "मी ऑफिसात आहे, किल्ली आणि टायटल पायपुसण्याखाली ठेवलंय" असं करतात. किल्ली ठेवा हवी तर. टायटल नका ठेवू. ते हातात द्या, नाहीतर आधीच ट्रॅकिंगच्या टपालानं संस्थेकडे पाठवा.

नंबर प्लेटवर मी मुद्दाम थांबतो. न्यू जर्सीत प्लेट गाडीबरोबर जात नाही, ती तुमची असते. ट्रक यायच्या आधी दोन्ही प्लेटा काढा, एमव्हीसीकडे जमा करा आणि जमा केल्याची पावती जपा. विमा त्यानंतरच बंद करा. आधी विमा बंद आणि प्लेट मात्र चालू, असं झालं की सरकारच्या नोंदीत तुम्ही विनाविमा गाडी बाळगणारे ठरता आणि रजिस्ट्रेशन किंवा लायसन्सवर गदा येते. न्यूयॉर्कातही क्रम तोच, आधी प्लेट, मग विमा. एका दात्यांनी घाईत प्लेट तशीच जाऊ दिली. तीन महिन्यांनी गार्डन स्टेट पार्कवेच्या टोलची बिलं त्यांच्या घरी यायला लागली, कारण कॅमेरा फक्त प्लेट वाचतो, गाडीत कोण बसलंय ते त्याला कळत नाही. ते गृहस्थ तेव्हा नागपूरला होते. त्यांच्या मित्राला आमच्या ऑफिसात तीन खेपा घालाव्या लागल्या, तेव्हा कुठे टोची तारीख दाखवून बिलं रद्द झाली. तीही पावती सापडली म्हणून.

कॅलिफोर्नियात हेच उलटं आहे. तिथे साधी प्लेट गाडीबरोबरच जाते, पण गाडी दिल्यापासून पाच दिवसांत डीएमव्हीला, म्हणजे तिथल्या वाहन खात्याला, गाडी दिल्याची सूचना ऑनलाइन द्यावी लागते, म्हणजे पुढच्या चलनांची जबाबदारी तुमच्यावर राहत नाही. टेक्ससमध्ये तीस दिवसांत सूचना द्यायची. त्यामुळे कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या मावसबहिणीचा सल्ला एडिसनमध्ये जसाच्या तसा वापरू नका. यात दोन बहिणींचं भांडण झालेलं मी फोनवर ऐकलंय.

राहिला कर. इथे लोकांच्या मनात अजून वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं चित्र आहे: जुनी गाडी द्यायची, ब्लू बुकमधला, म्हणजे जुन्या गाड्यांच्या किमतींच्या यादीतला, मोठा आकडा टाकायचा आणि मोकळं व्हायचं. तसं खरंच चालायचं. २००३ मध्ये अमेरिकन संसदेच्या जीएओ या लेखापरीक्षण संस्थेनं दान झालेल्या ५४ गाड्यांचा माग काढला. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश गाड्यांत असं दिसलं की दात्यानं कराच्या विवरणात जेवढी किंमत लिहिली होती तिच्या ५ टक्के किंवा त्याहूनही कमी रक्कम संस्थेच्या हाती पडली. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, कायदा बदलला आणि १ जानेवारी २००५ पासून नियम असा झाला: गाडी ५०० डॉलरपेक्षा जास्त किमतीला विकली गेली तर वजावट विक्रीच्या रकमेइतकीच, तीही बाजारभावापेक्षा जास्त नाही. ५०० किंवा कमीला गेली तर बाजारभाव किंवा ५०० यांतलं जे कमी ते. म्हणजे तुमची गाडी ४०० डॉलरला गेली आणि तिचा खरा बाजारभाव १,५०० होता, तर ५०० धरता येतात. बाजारभाव ३०० असेल तर ३००च. संस्थेनं गाडी स्वतः बराच काळ कामासाठी वापरली, मोठी दुरुस्ती केली किंवा गरजूला स्वस्तात दिली, तर पूर्ण बाजारभाव धरायची मुभा आहे, पण तसं त्यांनी लेखी द्यायला हवं.

हा पुरावा म्हणजे १०९८-सी नावाचा फॉर्म. विक्री झाल्यापासून तीस दिवसांच्या आत संस्थेनं तो तुम्हाला द्यायचा. टोनं गाडी नेल्यापासून तीस दिवस नव्हे, विक्रीपासून. गाडी यार्डात महिना-दोन महिने पडू शकते, त्यामुळे "अजून फॉर्म आला नाही" म्हणून दुसऱ्याच आठवड्यात घाबरू नका. वजावट मात्र गाडी दिली त्या वर्षाची. म्हणूनच डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सगळी अमेरिका गाड्या दान करायला निघते आणि टोवाले फोन उचलत नाहीत. वजावट ५०० च्या वर असेल तर विवरणाला ८२८३ नंबरचा फॉर्मही जोडावा लागतो.

पण यातलं काही उपयोगी पडणार का, ते आधी बघा. २०२६ मध्ये जोडप्याचं स्टँडर्ड डिडक्शन ३२,२०० डॉलर आहे. घराचं व्याज, राज्याचे कर, दान हे सगळं मिळून त्याच्यावर गेलं तरच गाडीची वजावट कामाची, आणि २०२६ पासून दानातला तुमच्या उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याइतका पहिला भाग तसाही धरत नाहीत. बहुतेकांना म्हणून गाडीचं दान करात शून्य देतं. मी फोनवर हे सांगायचो आणि पलीकडे क्षणभर शांतता पसरायची. तरी बरेच जण म्हणायचे, "असू दे, न्या गाडी."

तुमच्या बाबतीत एक वेगळी शक्यता आहे. तुम्ही ग्रीन कार्डवर किंवा नागरिक नसाल, एच-वनबी या नोकरीच्या व्हिसावरचं कुटुंब असाल, आणि वर्षाच्या मध्यात कायमचे देश सोडत असाल, तर त्या वर्षी तुम्ही 'ड्युअल स्टेटस', म्हणजे वर्षाचा काही भाग निवासी आणि काही भाग अनिवासी असे, करदाते ठरू शकता. अशांना स्टँडर्ड डिडक्शनच मिळत नाही, जोडप्याचं एकत्र विवरणही भरता येत नाही. मग प्रत्यक्ष वजावटी मांडाव्या लागतात, आणि तिथे ही कॅमरी काही शे डॉलर का होईना कामाला येते. तुमचं आणि यजमानांचं जाणं वेगळ्या वेळी झालंय, त्यामुळे दोघांचं वेगवेगळं बघावं लागेल. टो बोलवायच्या आधी नाही, पण निघायच्या आधी एखाद्या सीपीएला, म्हणजे इथल्या सीएला, हे दाखवा, भारतात परतणाऱ्यांची विवरणं भरायची सवय असलेला हवा.

आणि शेवटचं, दिसायला क्षुल्लक. फोनवर तुमचा पत्ता विचारतील तेव्हा एडिसनचा देऊन मोकळ्या होऊ नका. गाडी नेण्याचा पत्ता तो, पण कागद पाठवायचा पत्ता वेगळा सांगा. १०९८-सी बहुधा टपालानं येतो, आणि तो येईल तेव्हा तुमच्या घरात दुसरं कोणी राहत असेल. इथल्या एखाद्या विश्वासू मैत्रिणीचा पत्ता द्या, तिला सांगून ठेवा की संस्थेच्या नावाचं पाकीट जाहिरात समजून कचऱ्यात टाकू नकोस, उघड आणि फोटो पाठव. सोबत ईमेलही द्या, आणि टोची पावती, प्लेटची पावती आणि मैत्रिणीनं पाठवलेला फॉर्मचा फोटो एकाच फोल्डरमध्ये ठेवा. यजमानांचं कुरियर एक-दोन दिवसांत निघालं तर दोन-तीन आठवड्यांत टायटल परत यायला हरकत नाही. टोची वेळ ते हातात आल्यावरच घ्या.